डाव्या हातानं ठेवलेली किल्ली

नंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा हौशीराम चुलीपुढं उकिडवा बसून फुंकणीनं जाळ काढायच्या खटपटीत होता. अंगणात पुण्याचे चार पाहुणे प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. सकाळपासून चूल नुसती धुमसत होती आणि हौशीरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पाहुण्यांतली एक बाई मोबाइल धरून म्हणाली, "काका, असंच बसा जरा. धूर अगदी ऑथेंटिक येतोय."

तेवढ्यात हनुमंत, त्याचा मुलगा, घरातून बाहेर आला. बापाकडं न बघता चुलीकडं बघत म्हणाला, "आबा, वराळ्याहून पिंकीचा फोन होता. आई सकाळी उठलीच न्हाई."

हौशीरामनं फुंकणी खाली ठेवली. सकाळपासून न पेटलेली चूल नेमकी त्याच वेळी भडकन पेटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

नंदाबाई वराळ्याला लेकीकडं आदल्याच दिवशी गेली होती, आणि ती का गेली हे गावात फक्त घरच्यांनाच माहीत होतं.

हौशीरामचं घर कुसगावात, रस्त्याला लागून. शनिवार-रविवारी लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची रांग त्याच्या दारापर्यंत येते आणि तिथंच तासभर उभी राहते. हनुमंताला वाटलं, एवढी माणसं दर आठवड्याला दारात ताटकळतात तर त्यांना आत घ्यावं. त्यानं मागच्या दोन खोल्या रंगवल्या, कमोड बसवला आणि वळणावर बोर्ड लावला. 'चुलीवरचं गावरान जेवण. आईच्या हातची चव.' आई कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त आईला कुणी विचारलं नव्हतं.

नंदाबाईनं चूल सोडली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. धुरानं डोळे अधू झाले म्हणून तिनं भांडून गॅस घ्यायला लावला होता, आणि सिलिंडर आला त्या दिवशी स्वतःच्या हातानं चूल फोडून तिथं अबोली लावली होती. त्यामुळं हनुमंताला नवी चूल लोणावळ्याहून विकत आणावी लागली. तयार चूल, टेम्पोतून. आणि 'आईच्या हातची चव' ही ओळ हौशीरामनंच सुचवलेली होती, कारण नुसतं 'गावरान जेवण' सगळेच लिहितात.

नंदाबाईला वाचता येत नव्हतं. बोर्डावर काय लिहिलंय ते तिला शेजारणीनं सांगितलं, तेही पहिल्या पाहुण्यांचं बुकिंग झाल्यावर. ती घरी आली. कमरेची कपाटाची किल्ली सोडली आणि हौशीराम बसला होता त्या ओसरीच्या कट्ट्यावर त्याच्यापुढं ठेवली. मग ती म्हणाली, "घर तुमचं, किल्ल्या तुमच्या. चूल पेटवायला तेवढं कुणीतरी बघा."

पिशवीत दोन लुगडी घातली आणि गेली.

हे बोलणं तिचं नव्हतं. सिनेमातलं होतं. ते कळायला त्या दोघांचा सिनेमा कळला पाहिजे.

लग्नाच्या आधी, दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते तेव्हा, दोघांनी एकच मराठी सिनेमा पाहिला होता. हौशीरामनं लोणावळ्याच्या टॉकीजमध्ये, तिकीट काढून, खुर्चीवर बसून. नंदाबाईनं पवन मावळातल्या माहेरी, गावजेवणाच्या भंडाऱ्याला आणलेल्या मशीनवर, देवळापुढच्या पटांगणात, जमिनीवर बसून. सिनेमात एका मोठ्या घरातली सून असते. घरचे लोक तिला न विचारता सगळं ठरवत राहतात. एक दिवस ती किल्ल्यांचा जुडगा उंबऱ्यावर ठेवते, हे वाक्य बोलते आणि माहेरी निघून जाते. शेवटी नवरा तोच जुडगा घेऊन तिच्या माहेरी जातो. ती त्याला एवढंच म्हणते, "उशीर केलात. पण भाकर झाकून ठेवलीय." तिथं सिनेमा संपतो.

पुढं तो सिनेमा ना कुठं लागला, ना टीव्हीवर आला. नावही दोघांना धड आठवेना. पण त्यातली वाक्यं या घरात मिठासारखी रोज लागायची. सिनेमातला सरपंच म्हणायचा, "गावाचं भलं करायचंय, पण आधी गाव माझ्या नावावर करा." प्लॉटिंगवाला एजंट दारातून गेला की नंदाबाई भांडी घासता घासता हे म्हणायची. सिनेमातला हवालदार म्हणायचा, "चौकशी चालू आहे, म्हणजे चोर निवांत आहे." सोसायटीची मोटर चोरीला गेली तेव्हा हौशीरामनं हे पोलीस पाटलाच्या तोंडावर म्हणून दाखवलं होतं. आणि हौशीराम लोणावळ्याहून उशिरा आला की दार उघडताना नंदाबाई शेवटचं वाक्य म्हणायची. भाकर खरोखरच झाकलेली असायची.

ज्यानं कुणी ती वाक्यं लिहिली त्याला कल्पनाही नसेल की त्याचा सिनेमा संपलाच नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. सून किल्ल्या कुठल्या हातानं ठेवते? हौशीराम म्हणायचा उजव्या. नंदाबाई म्हणायची डाव्या. हौशीराम म्हणायचा, डाव्या हातानं आपण भिकाऱ्यालासुद्धा देत नाही. घरंदाज सून नवऱ्यापुढं डाव्या हातानं किल्ल्या टाकेल तर तो अपमान झाला, मग ती पुन्हा नांदायला येईल कशी आणि तो तिला आणायला जाईल कसा? नंदाबाईचं एकच उत्तर असायचं, मी डोळ्यानं बघितलंय. त्यावर हौशीराम हमखास म्हणायचा, "खुर्चीवरनं बघितलेलं खरं का जमिनीवरनं?" त्यावर मात्र ती काही बोलायची नाही. तो समजायचा आपण जिंकलो.

त्या दिवशी तिनं कपाटाची किल्ली त्याच्यापुढं ठेवली ती डाव्या हातानं.

ती गेल्यावर हौशीराम तिथंच बसून राहिला. उजव्या हातानं ठेवली असती तर संध्याकाळी किल्ली घेऊन लोकलनं तळेगावला उतरलो असतो, रिक्षा केली असती आणि वराळ्याला गेलो असतो. सिनेमातसुद्धा नवरा जातोच की. पण डाव्या हातानं ठेवली. म्हणजे हिनं आपल्याला भिकाऱ्याच्याही खाली काढलं. मग जायचं कशाला? उद्या बघू, असं त्यानं ठरवलं. उद्या पाहुणे येणार होते. म्हणजे परवा.

दुसऱ्या दिवशी तो चुलीपुढं होता आणि फोन आला.

त्यानंतर किल्ली कट्ट्यावरून कुणी हलवायची नाही, असं त्यानं सांगून टाकलं. का, ते सांगितलं नाही. कोंबड्या येतात, येणारेजाणारे टेकतात, म्हणून किल्लीवर एक पितळी वाटी पालथी घातली. घरात माणूस गेलेलं, आणि ओसरीवर वाटी पालथी. भेटायला आलेल्यांनी आपापला अर्थ लावला. मयताच्या घरात पीठ पसरून त्यावर टोपली झाकतात, आत दिवा ठेवतात, आणि गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. लोकांना वाटलं हे तेच, फक्त जागा कमी असल्यानं वाटीवर भागवलंय. आलेली माणसं वाटीला हात जोडू लागली. एक म्हातारी हळू आवाजात विचारून गेली, काय उमटलं म्हणून. हौशीराम म्हणाला, अजून बघितलं न्हाई. ते खरंच होतं.

बायका येत होत्या आणि सगळ्याजणी एकच सांगत होत्या की नंदा नशीबवान, कुंकू लावून गेली. हौशीराम मान हलवत होता. तिच्या नशिबाचा आपणच पुरावा आहोत आणि म्हणून आपण जिवंत असणं बरं, असं काहीतरी त्या बोलण्यातून निघत होतं.

वळणावर, बोर्डाच्या शेजारीच, हनुमंताच्या मित्रमंडळानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. मध्ये नंदाबाईचा आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो, आणि खाली दुःखी कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले फोटो. दहाव्याला इंद्रायणीच्या काठावर सगळा भाग लोटला. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही मागं ठेवलं नाही बाईनं. हौशीरामला कावळ्याचा रागच आला.

मग भाषणं झाली. मावळात दहाव्याला भाषण करायची संधी कुणी सोडत नाही. पहिला उठला तो प्लॉटिंगवाला एजंट, जो आता पुढच्या निवडणुकीला उभा राहणार होता. तो म्हणाला की नंदाकाकूंनी जुनी संस्कृती जपली, आजच्या गॅसच्या जमान्यातही शेवटच्या श्वासापर्यंत चूल सोडली नाही. त्याला हे कुठून कळलं? बोर्डावरून. वळणावर शेजारी शेजारी दोन बोर्ड, त्यानं दोन्ही एकत्र वाचले होते. शेवटी म्हणाला, गावाच्या भल्यासाठी आपण सदैव तयार आहोत. हौशीरामच्या ओठावर सिनेमातल्या सरपंचाचं वाक्य आलं. त्यानं सवयीनं डावीकडं वळून बघितलं. बायका पलीकडं बसल्या होत्या आणि त्यात ती नव्हती.

अडलं ते पुढं. तेराव्याला सवाष्ण जेवू घालायची, तिला गेलेलीच्या नावानं साडी नेसवायची. नंदाबाईनं एक हिरवी साडी कधीपासून घेऊन ठेवलेली, ती कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली वाटीखाली. सून अमृता दोनदा येऊन घुटमळून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आबा, साडी काढायला हवी. मी घेऊ का किल्ली?"

"न्हाई."

"मग तुम्ही द्या."

"मी बी न्हाई उचलायची."

हनुमंत म्हणाला कुलूप तोडू. हौशीरामनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो बाहेर जाऊन गाड्यांची रांग बघत उभा राहिला. पिंकी म्हणाली तळेगावातून नवी साडी आणू. तेही हौशीरामला पटेना. त्याला समजावून सांगता येत नव्हतं, पण मनात हिशेब साधा होता. किल्ली उचलली म्हणजे तो अपमान पदरात घेतला. आणि पदरात घेतला म्हणजे नंदा आपल्यावर थुंकून गेली हे कायमचं झालं. जोवर किल्ली तिथं आहे तोवर निदान गोष्ट अर्धी होती.

दहाव्याला आलेली मुक्ताबाई अजून घरातच होती. नंदाबाईची माहेरची चुलत बहीण, तिच्याच वयाची, बोलायला फटकळ. ती दुपारी कट्ट्यावर येऊन टेकली आणि कुणाला न विचारता तिनं वाटी उचलून खाली बघितलं.

"दाजी, ह्यात पीठ न्हाई, दिवा न्हाई. लोक कशाला हात जोडाय लागलेत?"

मग हौशीरामनं तिला सांगितलं. सगळं नाही, पण बोर्ड, किल्ली आणि ते वाक्य. वाक्य ऐकताच मुक्ताबाईचं तोंड उजळलं. तो सिनेमा तिनंही पाहिला होता, नंदाच्या मांडीला मांडी लावून.

"आन किल्ली ठिवली कशी?"

हौशीरामनं डावा हात पुढं केला.

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. हौशीरामला वाटलं रडतेय. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं. माणूस जाऊन अकरा दिवस झालेल्या घरात ती हसत होती, आणि आतून अमृता आणि पिंकी दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अवो दाजी, ती शिनेमा करून गेली."

"म्हंजे?"

"आमच्या गावात पडदा एकच. देवळाम्होरच्या दोन खांबाला बांधलेला. म्होरच्या अंगाला बापई बसायचं, आन बाया पडद्याच्या मागनं. मागनं बी दिसतंय की, कापडच ते. फकस्त उलटं दिसतंय."

हौशीराम तिच्याकडं सरकून बसला.

"सगळी मानसं डावरी," मुक्ताबाई सांगत होती. "नवरा डाव्या हातानं जेवायचा, सरपंच डाव्या हातानं मारायचा. आमी म्हनायचो, शिनेमातल्या मानसांची रीतच तसली आसंल."

"आन सुरवातीला नाव येतं, अक्षरं येत्यात? ती उलटी दिसली न्हाईत?"

"दिसली आसतील. आमाला कुटं वाचाया येत व्हतं?"

हौशीरामनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघितलं. सगळा संसार या दोन हातांवरून भांडण्यात गेला होता. तिनं डावा हात पाहिला होता ते खरं होतं. त्यानं उजवा हात पाहिला होता तेही खरं होतं. मध्ये एक चादरीएवढं कापड होतं, आणि ते त्यानं खुर्चीवर बसून कधी मोजलंच नव्हतं.

"मग तिनं मला कधी सांगितलं कसं न्हाई?"

"कसं सांगंल? लग्नानंतर पयल्या बारीलाच तुमी खुर्चीचा तोरा मिरवला. मग ती काय म्हनंल, आमाला पडद्याच्या म्होरं बी बसू दिलं न्हाई? मला शपथ घातली व्हती, त्यास्नी सांगू नगं म्हनून. आता ती न्हाई, तर शपथ कुनाची पाळू?"

मग मुक्ताबाई म्हणाली, "नंदी खरोखर रागावली की कशी वागायची, ते तुमाला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. नंदाबाई खरी रागावली की गप्प बसायची. घासलेली भांडी परत घासायला घ्यायची. वाक्यं तिला फक्त खुशीत सुचायची, नाहीतर कुणाची तरी जिरवायची असेल तेव्हा. त्या दिवशी भांडी सकाळचीच पडून होती आणि ती सिनेमा बोलत गेली होती. एवढं सगळं समोर असून हौशीरामनं बघितला फक्त हात.

दारात उभी असलेली पिंकी तेव्हा बोलली. इतके दिवस तिनं ते सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आईला जाताना भ्रम झाला असावा, आणि आबांना कशाला उगाच वाईट वाटू द्यायचं.

"त्या संध्याकाळी आईनं मला तुमच्या वाटणीची भाकर थापायला लावली, आबा. मी म्हणाले, आबा कुठं येणारेत? तर म्हणाली, येत्यात. शिनेमा त्यांनी बी बघितलाय. खुर्चीवर बसून."

रस्त्यावर एका गाडीवाल्यानं हॉर्न दाबून धरला होता.

"मग?" हौशीरामनं विचारलं.

"मग काय. झाकून ठेवली तिनं. आम्ही झोपलो."

हौशीराम उठला. त्यानं किल्ली उचलली. उचलताना उजवा हात आपोआप पुढं गेला होता, तो त्यानं मागं घेतला आणि डाव्या हातानं उचलली. तशीच अमृतापुढं धरली. अमृता सासऱ्याच्या डाव्या हाताकडं बघून क्षणभर थबकली, मग तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून ती घेतली. पितळी वाटी मुक्ताबाईनं आत नेऊन घासली.

कपाटात हिरवी साडी होती, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली. तेराव्याला ती शेजारच्या सवाष्णीला नेसवली आणि तिला जेवू घातलं. स्वयंपाक अर्थातच गॅसवर झाला. जेवून उठलेले पाहुणे म्हणाले, चुलीवरच्या जेवणाची सर कशालाच नाही.

महिनाभरानं फ्लेक्स उतरला. बोर्ड उतरवतो म्हणून हनुमंतानं स्वतःहून सांगितलं आणि उतरवलाही. दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा लागलेला दिसला. नुसती दुसरी ओळ बदलून आणली होती. 'आईच्या आठवणीतली चव.' हौशीरामनं ती उभ्या उभ्या वाचली. हे चांगलं की वाईट ते त्याला ठरवता येईना. नंदाबाईला मात्र एखादं वाक्य नक्की सुचलं असतं, आणि ते काय असतं हे तो अजून शोधतोय. सिनेमातली सगळी वाक्यं त्यानं मनात लावून पाहिली. याला कुठलंच बसत नाही.

चूल आता रोज पेटते. एक बाई लावलीय, ती पेटवते. पाहुणे फोटो काढतात. संध्याकाळी हौशीराम ओसरीवर बसतो, किल्ली अमृताच्या कमरेला असते, आणि तळेगावकडं जाणारी लोकल लोणावळ्याहून सुटल्याचा भोंगा वारा असला तर इथवर ऐकू येतो. तो उठून उभा राहतो आणि पुन्हा बसतो.

तिचंही खरं होतं, हे तिला सांगायचं राहिलं. आणि किल्ली घेऊन वराळ्याला जायचं राहिलं.